शर्यतीबाहेरचे रस्ते

तारापूरला जायचं म्हणून बोईसरला उतरलेला नवखा माणूस पहिल्याच दिवशी गोंधळतो. कारखान्यांच्या पाट्यांवर ‘तारापूर औद्योगिक क्षेत्र’ लिहिलेलं असतं, पण तो उभा असतो बोईसरमध्येच. तारापूर अणुऊर्जा केंद्राचं नाव १९६९ पासून जगभर गेलं, पण अणुभट्ट्या तारापूर गावात नाहीत. त्या अक्करपट्टी-पोफरणच्या बाजूला, समुद्राला लागून आहेत. ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी ही दोन गावंही उठली, दुसरीकडे वसली आणि जाताना आपली नावं बरोबर घेऊन गेली. खुद्द तारापूर, म्हणजे पोर्तुगीजांच्या किल्ल्याचं आणि १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने झुंजून घेतलेलं गाव, चिंचणीशेजारी खाडीकाठी आहे. नाव एकीकडे, वस्तू दुसरीकडे. नकाशा एक सांगतो आणि पायाखालची जमीन दुसरंच सांगते, हे इथल्या पोरांना शाळेत जाण्याआधीच कळलेलं असतं.

मोटारशर्यतीच्या संगणकीय खेळांची सगळी गंमत याच फटीत आहे.

या खेळांचा इतिहास बहुतेक वेळा गाड्यांच्या झळाळीचा म्हणून सांगितला जातो: आधी चौकोनी ठिपके होते, मग गाड्यांना आकार आला, मग बॉनेटवर ढगांचं प्रतिबिंब दिसू लागलं. खेळणाऱ्यांच्या आठवणीत मात्र निराळंच काही उरलेलं असतं. पहिला नंबर कोणत्या शर्यतीत आला होता हे कुणाला आठवत नाही. पण डोंगरावर सरळ उभा चढलेला ट्रक आठवतो, ड्रायव्हरशिवाय उतारावरून घरंगळत आलेली गाडी आठवते, भिंतीमागे सापडलेली ती गल्ली आठवते जिथे पोहोचायला कुणालाच परवानगी नव्हती. शर्यत सोडायची, गाडी उलटी फिरवायची आणि जग कुठे संपतं ते बघून यायचं, हा एक रिवाज आहे. तो सुमारे चाळीस वर्षांचा आहे आणि त्याचा इतिहास कुण्या कंपनीने लिहून ठेवलेला नाही. तो पोरांनी एकमेकांना तोंडी सांगितला.

महाराष्ट्रातल्या लहान गावांत त्याची सुरुवात कॅसेटपासून झाली. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. निन्टेंडोच्या यंत्राच्या त्या स्वस्त नकला होत्या. पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे. आत प्रत्यक्षात थोडेच खेळ असत आणि तेच वेगवेगळ्या नावांनी यादीत फिरून फिरून येत. कधी तोच खेळ तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होई, एवढाच फरक. त्यात ‘रोड फायटर’ हमखास असे. कोनामी या जपानी कंपनीचा हा १९८४ चा खेळ. खालून वर जाणारा रस्ता, लाल गाडी, भराभर उतरणारं पेट्रोल आणि आडवे येणारे ट्रक. बराच वेळ न आपटता गाडी नेली की अचानक रस्त्याच्या कडेने एक माणूस उडत वर जाई आणि गुण वाढत. पोरं त्याला सुपरमॅन म्हणत. तो होता कोनामी मॅन, त्याच कंपनीच्या दुसऱ्या खेळांतला नायक, इथे पाहुणा म्हणून लपवलेला. तो नेमका कधी येतो हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक आळीत त्याचं वेगळं शास्त्र होतं. कुणी म्हणे डाव्या कडेने चालवायचं, कुणी म्हणे हिरव्या गाडीला शिवायचं नाही. ज्याने त्याला पाहिलं त्याचा शब्द चालायचा.

खेळात काहीतरी लपवून ठेवायची ही खोड अमेरिकेतून आली, आणि तिच्या मुळाशी एक रास्त तक्रार होती. १९७० च्या दशकात अटारी कंपनी खेळ बनवणाऱ्याचं नाव खोक्यावर किंवा पडद्यावर छापत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ एकट्याने बनवला आणि त्यात एक गुप्त खोली ठेवली. तिथे जायला चक्रव्यूहातून राखाडी रंगाचा एक ठिपका उचलून आणावा लागे, तोही राखाडी जमिनीवरचा, म्हणजे जवळजवळ अदृश्य. खोलीत खेळ कुणी बनवला ते झगझगीत अक्षरांत लिहिलेलं होतं. हे त्याने कंपनीत कुणालाही सांगितलं नाही. सॉल्ट लेक सिटीच्या १५ वर्षांच्या एका मुलाने ती खोली शोधून कंपनीला पत्र लिहिलं, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. अटारीतल्या स्टीव्ह राइट यांनी अशा लपवलेल्या गमतींना ‘ईस्टर एग’ म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द रुळला. पुढे २०१७ मध्ये अटारीच्याच ‘स्टारशिप १’ या १९७७ च्या यंत्रात त्याहून जुना लपवलेला संदेश सापडला. चाळीस वर्षं तो कुणाच्याही नजरेला पडला नव्हता. ज्याचं नाव छापलं गेलं नाही त्याने ते भिंतीत चिणून ठेवावं, ही गोष्ट देवळांच्या आणि किल्ल्यांच्या देशातल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

मोटारीच्या खेळात मात्र अडचण अशी होती की भिंत चिणायला जागाच नव्हती. रस्ता होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं रंगवलेलं गवत. वळायचं म्हटलं तरी वळता येत नसे. १९८६ मध्ये ब्रिटनमधल्या ड्युरेल कंपनीने ‘टर्बो एस्प्रिट’ आणला आणि पहिल्यांदा चौक आले. माइक रिचर्डसन यांनी झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या तुटपुंज्या यंत्रात आख्खी चार शहरं बसवली. सिग्नल लाल व्हायचे, समोरच्या गाड्या वळताना इंडिकेटर द्यायच्या, पादचारी रस्ता ओलांडायचे. कामगिरी होती अमली पदार्थांची ने-आण करणाऱ्या टोळीला पकडायची. पण टोळी सोडून नुसतं शहरात फिरलं तरी खेळ रागवत नसे. ‘जा, कुठेही जा’ म्हणणारा हा मोटारीचा पहिला खेळ मानला जातो, आणि शर्यत सोडून भटकण्याचा रिवाजही तिथूनच धरावा लागेल.

भारतात हे खुलं शहर पोहोचायला तेरा-चौदा वर्षं गेली. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत रेल्वे स्टेशन असलेल्या गावागावांत सायबर कॅफे निघाले. पालघर काय, बोईसर काय, डहाणू काय, चित्र थोड्याफार फरकाने तेच: प्लायवूडचे कप्पे, टेबलफॅन, आणि नेट बंद पडलं तरी चालू राहणारे खेळ. ‘दादा, अजून अर्धा तास वाढवा ना’ हे वाक्य त्या काळात वाढलेल्या कुणालाही विसरता यायचं नाही. ‘रोड रॅश’ आणि ‘नीड फॉर स्पीड’चा दुसरा भाग प्रत्येक संगणकावर असे. खेळ विकत घेणारे थोडे. बरेच जण ‘चिप’ आणि ‘डिजिट’ या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींवरचे डेमो खेळत. डेमोचं जग तर मुळातच अर्धं कुलूपबंद. ‘नीड फॉर स्पीड’च्या त्या भागात ‘हॉलिवूड’ हा शब्द टाइप केला की चित्रपटाच्या स्टुडिओतला एक दडलेला ट्रॅक खुला व्हायचा. अशी गुपितं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली असत, भूमितीच्या प्रमेयांना पाठ लावून.

मग ‘मिडटाउन मॅडनेस’ आला. मायक्रोसॉफ्टने १९९९ च्या मे महिन्यात काढलेला, एंजल स्टुडिओजने बनवलेला. पॅरिसमधला एक गजबजलेला रस्ता ओलांडताना मायक्रोसॉफ्टच्या माणसांना याची कल्पना सुचली, असं सांगतात. शहर मात्र शिकागोचं घेतलं. नदीवरचे पूल मधून दुभंगून वर उचलले जात. तेवढ्यात वेग घेऊन पलीकडे उडी मारायची हा सगळ्यांचा पहिला उद्योग. फोक्सवॅगन बीटलपासून सिटी बसपर्यंत गाड्या होत्या, आणि बस घेऊन पूल उडवण्यात जे समाधान होतं ते कुठल्याही चषकात नव्हतं. पादचाऱ्यांना धडक बसतच नसे. कितीही नेम धरा, ते शेवटच्या क्षणी बाजूला झेप घेत. या एका नियमामुळे खेळ निर्मळ राहिला. घरातल्या मोठ्यांसमोरही तो खेळता यायचा.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रिफ्लेक्शन्स कंपनीचा ‘ड्रायव्हर’ आला. त्यात मायामी, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क ही चार अमेरिकी शहरं उघड, आणि बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या गावाचा, न्यूकॅसलचा, एक तुकडा आत दडवलेला. गावाकडचं घर गाठोड्यात बांधून परदेशी नेल्यासारखाच हा प्रकार. पुढच्या वर्षीच्या ‘ड्रायव्हर २’मध्ये गाडीतून उतरून पायी चालता येऊ लागलं, आणि प्रत्येक शहरात एक गुप्त गाडी ठेवली गेली. शिकागोत ती बेसबॉलच्या मैदानात होती. फाटक उघडायचं बटण पायी जाऊन शोधावं लागे. केळव्याच्या पाणकोटात ओहोटीची वेळ साधूनच चालत जाता येतं, हे जवळून पाहिलेल्या मुलाला अशी जागा खोटी वाटत नाही. जागा समोर दिसते, पण तिथे जायचं कधी आणि कसं, हे कुणीतरी आधी सांगावं लागतं.

लपवलेल्या जागा बनवणाऱ्याच्या मनातून येतात. चुका त्याच्या मनाविरुद्ध येतात, आणि एका चुकीने तर या क्षेत्राचा इतिहासच फिरवला. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात डीएमए डिझाइन ही कंपनी १९९५ मध्ये ‘रेस अँड चेस’ नावाचा खेळ बनवत होती. नाव सांगतं त्याप्रमाणे शर्यत आणि पाठलाग. काम रखडत होतं, खेळ रंगत नव्हता. मग पोलिसांच्या वागणुकीच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी बिघाड झाला. गाडी अडवण्याऐवजी पोलीस जिवावर उदार होऊन थेट खेळणाऱ्याच्या अंगावर येऊ लागले. त्या वेळी खेळाच्या कामात असलेल्या गॅरी पेन यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं की खेळ तपासणाऱ्यांना तो वेडेपणाच आवडला. बिघाड ठेवला गेला, त्याच्याभोवती खेळ पुन्हा बांधला गेला, आणि १९९७ मध्ये तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या नावाने बाजारात आला. पुढे ‘व्हाइस सिटी’ म्हणून जो प्रत्येक सायबरमध्ये चालला, त्याचा पूर्वज हा असा एक फसलेला शर्यतीचा खेळ.

बिघाड होतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. खेळातली गाडी अखंड धावत नाही. ती एका चित्रातून दुसऱ्या चित्रात उडी मारते. ताशी ३०० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. सेकंदाला ३० चित्रं असतील तर दोन चित्रांमध्ये गाडी पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते. आता मध्ये अर्ध्या मीटरची भिंत असेल तर? पहिल्या चित्रात गाडी भिंतीच्या अलीकडे, दुसऱ्या चित्रात पलीकडे. टक्कर झालीच नाही, असं संगणक प्रामाणिकपणे मानतो. म्हणून तर वेगाने आदळलं की कधीकधी भिंतीतून आरपार जाता येई, आणि सावकाश गेलं की नाही. कॅफेतल्या पोरांना हे गणित ठाऊक नव्हतं, पण नायट्रो पेटवून आपटायचं हे त्यांनी अनुभवाने बरोबर शोधून काढलं होतं.

दुसरं कारण स्मरणशक्तीचं. मोठं शहर यंत्राच्या स्मृतीत एकदम मावत नाही, म्हणून गाडी पुढे जाईल तसे रस्ते डिस्कवरून उचलून समोर मांडले जातात. गाडी त्या मांडणीपेक्षा जोरात गेली की पुढे रस्ताच नसतो. रॉकस्टार नॉर्थचे, म्हणजे पूर्वीच्या डीएमए डिझाइनचे, माजी तांत्रिक संचालक ओबे व्हर्माई यांनी अलीकडच्या काळात अशा कितीतरी गोष्टी उघड केल्या. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’मध्ये पोर्टलंड भागात एका दिशेने सुसाट गेलं की इमारती वेळेत उभ्या राहत नसत, शेवटी गाडीचा वेग कमी व्हावा म्हणून रस्त्याचीच आखणी बदलावी लागली. म्हणजे ज्या वळणावर हजारो पोरांनी ब्रेक दाबला, ते वळण डिस्कच्या मंदपणाने घातलेलं होतं. त्याच खेळात एका भिंतीमागे पाटी होती: इथवर पोहोचणं तुम्हाला शक्य व्हायला नको होतं, अशा अर्थाची. बनवणाऱ्याला ठाऊक होतं की कुणीतरी कठडा ओलांडणारच. त्याने तो आणखी उंच केला नाही, पलीकडे चिठ्ठी ठेवली. या सगळ्या इतिहासात इतकी जिव्हाळ्याची दुसरी खूण सापडणं कठीण.

आणि मग ‘बिग रिग्ज’. बोईसरच्या माणसाने हा खेळ पाहावाच, कारण तो ट्रकचा आहे. महामार्गावरच्या चिल्हार फाट्यापासून औद्योगिक वसाहतीपर्यंत दिवसरात्र टँकर आणि ट्रेलर पाहणाऱ्याला लोडेड गाडी चढाला कशी कण्हते ते माहीत असतं. २००३ च्या नोव्हेंबरात गेममिल या कंपनीने अमेरिकेत बाजारात आणलेल्या या खेळात ट्रक कण्हत नाही. तो उभ्या कड्यावर सपाट रस्त्यासारखा चढतो. घरांतून, झाडांतून, खांबांतून आरपार जातो, कारण टक्कर तपासायची व्यवस्थाच नाही. पुलावर गेला की पुलातून खाली उतरतो आणि नदीच्या तळाने चालत राहतो. प्रतिस्पर्धी ट्रक जागचा हलत नाही, त्यामुळे हरणं अशक्य. पाच रस्त्यांपैकी एक निवडला की खेळच बंद पडतो. खोक्यावर पोलिसांचा पाठलाग छापलेला, आत एकही पोलीस नाही. पुढे जाताना वेगाला मर्यादा होती. रिव्हर्सला ती घालायची राहून गेली. म्हणून मागे जात राहिलं की वेग वाढतच जातो, शेवटी ताशी मैलांचा आकडा १२३ वर ३५ शून्यं इतका होतो, आणि बोट उचललं की ट्रक त्याच क्षणी जागच्या जागी थांबतो. नकाशाच्या बाहेर गेलं तर करड्या रंगाची अथांग पोकळी लागते, तिथेही ट्रक तितक्याच शांतपणे चालतो. शर्यत संपली की तीन कानांचा चषक येतो आणि त्याखाली ‘यू आर विनर’. इंग्रजीतलं मधलं इवलंसं अक्षरही गळून पडलेलं.

गेमस्पॉट या संकेतस्थळाने या खेळाला १० पैकी १ गुण दिला, आणि वाईट खेळांच्या यादीत त्याचं नाव कायमचं कोरलं गेलं. नंतर दुरुस्तीचा पॅच आला. त्यामुळे प्रतिस्पर्धी ट्रक धावू लागला, पण अंतिम रेषेच्या अलीकडे थांबून राहायचा. तरी या खेळावर माया करणारी माणसं जगभर आहेत, आणि ती माया खरी आहे. उत्तम बनवलेल्या शेकडो खेळांत भिंत ही भिंत का असते, हा प्रश्न कधी पडत नाही. ‘बिग रिग्ज’मध्ये तो पहिल्या मिनिटाला पडतो. ट्रकला जमीन लागते, कडा अडवतो, वजन जाणवतं, हे सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. ते लिहिलं नाही तर काय उरतं, ते या एकाच खेळाने उघडं करून दाखवलं.

कॅफेच्या काळाचा मध्यान्ह म्हणजे २००४ आणि २००५. ‘नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड २’मध्ये बेव्ह्यू हे शहर रात्रभर फिरायला मोकळं होतं आणि गाडी सजवायची बरीच दुकानं नकाशावर दाखवलेलीच नव्हती. गल्लीबोळांतून फिरताना रंगीत उजेड दिसला की आत वळायचं. एकदा दुकान सापडलं की मग ते नकाशावर उमटायचं. नव्या गावात बदली होऊन आलेल्या माणसाला किराणा, पिठाची गिरणी आणि सायकलवाला सापडत जातात, अगदी तसं. पुढच्या वर्षीच्या ‘मोस्ट वाँटेड’मध्ये पोलिसांचा पाठलाग हाच प्राण होता, आणि त्यावरचा उतारा पोरांनी शोधला बस डेपोत. तिथे उभ्या असलेल्या बसच्या टपावर गाडी चढवली की पोलीस खाली गोळा व्हायचे, सायरन वाजवायचे, पण वर येणं त्यांना जमायचं नाही. टपावर बसून राहायचं, बक्षिसाचा आकडा वाढत राहायचा. पोलिसांच्या प्रोग्रॅमला रस्ता कळत होता, टप कळत नव्हता. एसटीच्या टपावर सामान चढवताना पाहिलेल्या पोरांना तो आधी कळला.

त्याच सुमाराचा ‘सॅन अँड्रियास’ हा शर्यतीचा खेळ नव्हे, पण त्यातली भुताची गाडी इथे टाळता येत नाही. जंगलातल्या चढणीवर एक मोडकी गाडी ड्रायव्हरशिवाय चालू लागे. कारण साधं होतं: खेळ ती गाडी उतारावर आणून ठेवायचा आणि तिला हँडब्रेक नसायचा. हे कारण कळेपर्यंत मात्र त्या गाडीने अनेकांची झोप उडवली. रात्री भारनियमनात वीज गेली की ओट्यावर बसून हीच चर्चा. कुणी शपथेवर सांगे की त्याच जंगलात केसाळ राक्षसही आहे, तो नव्हता. तपासून पाहायला यूट्यूब हाताशी नव्हतं. जो सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा आणि उद्या एक तासाचे पैसे जमवून स्वतः जाऊन बघायचं. घाटातल्या वळणावरच्या बाईची गोष्ट ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्याच वाटेने ही गाडीही गावोगाव गेली. याच खेळात एका उंच पुलाच्या टोकावर पाटी होती की इथे काहीही लपवलेलं नाही, परत जा. पोरं ती वाचायला पुन्हा पुन्हा वर चढायची.

पुढे जगं मोठी होत गेली. फ्रान्समधल्या असोबो स्टुडिओचा २००९ चा ‘फ्युएल’ १४,४०० चौरस किलोमीटरचा होता आणि गिनीज बुकात गेला. २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झालेला आख्खा पालघर जिल्हा ५,३४४ चौरस किलोमीटरचा आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपासून वसईच्या किनाऱ्यापर्यंत सगळा धरून. त्याच्या अडीच पटींहून मोठं रान एका डिस्कवर. अर्थात हाताने तेवढं रंगवणं अशक्य, म्हणून ते सूत्रांनी घडवलेलं होतं, आणि त्यात मैलोन्‌मैल कुणाच्या हाताची खूणच लागत नाही. कडा गाठायला लोक तासन्‌तास गाडी चालवत. पोहोचल्यावर चिठ्ठी कुणाची मिळायची नाही.

याच असोबोने २०२० मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ बनवला. तो विमानाचा, पण त्यातली चूक आपल्या विषयाचीच. मेलबर्नच्या एका साध्या बैठ्या वस्तीत आभाळाला टेकणारा २१२ मजली सुळका उभा राहिला. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनी मिळून भरलेल्या नकाशात कुणीतरी २ मजल्यांच्या जागी २१२ टाइप केलं होतं. नकाशात ते दुरुस्तही झालं होतं, पण खेळाने जुनी माहिती उचललेली होती. जगभरचे वैमानिक आपापली विमानं घेऊन त्या मनोऱ्याच्या दर्शनाला निघाले. नाव एकीकडे आणि गाव दुसरीकडे असलेल्या मुलखातून आलेल्याला यात ओळखीचं काही दिसलं तर नवल नाही.

‘फोर्झा होरायझन’ ही मालिका २०१२ पासून चालली आहे. कोलोरॅडो, युरोपचा किनारा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आणि २०२१ मध्ये मेक्सिको. तिने दडवलेल्या जागांना रीतसर मान दिला. प्रत्येक भागात रानात पडक्या कोठारांमध्ये धूळ खात असलेल्या जुन्या मोटारी ठेवलेल्या असतात. नकाशावर फक्त एक ढोबळ वर्तुळ मिळतं. आत हिंडून कोठार शोधायचं. हे छान आहे. पण वर्तुळ आखून दिलेलं गुपित आणि स्वतः लागलेला शोध यांची चव एक नव्हे. त्या मालिकेतली खरी अनपेक्षित गोष्ट घडली २०१७ च्या सुरुवातीला, ‘होरायझन ३’ची संगणकावरची आवृत्ती अद्ययावत करताना. चुकून कारखान्यातली, म्हणजे बनवणाऱ्यांच्या वापरातली आवृत्तीच लोकांना पोहोचली आणि अजून जाहीर न झालेल्या गाड्या त्यात दिसल्या. ज्यांनी ती उघडून नवा खेळ सुरू केला त्यांची साठवलेली प्रगती बिघडली.

जग मोठं झालं तसं ते खेळणाऱ्याच्या घरातून निघून कंपनीच्या सर्व्हरवर गेलं, आणि इथे या रिवाजावर पहिल्यांदा खरं संकट आलं. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’मध्ये, २०१४ साली, आख्खी अमेरिका आक्रसून बसवली होती, पाऊण-एक तासात एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाता येई. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ती अमेरिका नाहीशी झाली. एकट्याने खेळणाऱ्यालाही आत जायची सोय उरली नाही. ‘रोड फायटर’ची कॅसेट फुंकर मारून आजही चालते; दहा वर्षांचा हा खेळ विकत घेऊनही चालेना. हा अन्याय आहे, आणि तो मुकाट सोसला गेला नाही हे बरं झालं. रॉस स्कॉट यांनी यावर ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. युरोपीय संघातल्या नागरिकांच्या मागणीपत्रावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हौशी जाणकारांनी सर्व्हरची नक्कल स्वतः लिहून ते रस्ते पुन्हा उघडले. ज्यांनी कधीकाळी कुंपणाच्या भोकातून आत शिरायचा छंद केला, त्याच जातीच्या माणसांनी आख्खी अमेरिका परत आणली.

मराठी मुलखातले रस्ते या खेळांत फार उशिरा आणि फार थोडे आले. मुंबईच्या गेम्सटूविन कंपनीने काळी-पिवळी टॅक्सी घेऊन ‘बॉम्बे टॅक्सी’ हा ब्राउझरवरचा छोटा खेळ काढला होता; गाडी न खरचटता जागेवर लावायची, एवढाच. मुंबईच्याच गेमइऑन स्टुडिओने ‘मुंबई गलीज’ या खुल्या शहराच्या खेळाचं काम हाती घेतलं. पण शाळकरी पोरांच्या मोबाइलवर राज्य केलं ते ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग ३डी’ने. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बाइक्स, थोडी घरं, थोडे डोंगर आणि पुष्कळ बिघाड: हवेत तरंगणाऱ्या गाड्या, जमिनीत कंबरेपर्यंत रुतलेली माणसं. खेळणाऱ्याच्या खिशात एक फोन असतो. त्यावर ठरावीक आकडे फिरवले की समोर बाइक येऊन उभी राहते. कुठल्या आकड्याला काय येतं, ही विद्या पुन्हा तोंडोतोंडी.

२०१३ च्या १६ एप्रिलपासून डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली. संध्याकाळी ती बोईसर सोडून वाणगावकडे निघते तेव्हा दाराजवळच्या घोळक्यात क्लासहून परतणारी दोन पोरं एका मोबाइलवर वाकलेली दिसतात. एकाने वहीचं शेवटचं पान उघडलेलं असतं. दुसरा विचारतो, ‘हत्तीचा नंबर काय रे?’